संथ काट्याची कैफियत

वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यात, रोहण्यासारख्या गावी, ज्या पिढीने गाणे म्हणजे नागपूर आकाशवाणीवरून येणारे गाणे एवढेच जाणले, त्या पिढीला त्या गाण्याच्या पलीकडे प्रक्षेपणाच्या कक्षात कोणीतरी एका काट्याकडे डोळे लावून बसलेला असतो, हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले; आता तेच गाणे गावोगाव संगणकातून ऐकले जाते, आणि पडद्यावरच्या हिरव्या-तांबड्या पट्ट्या अशा चपळाईने नाचतात की त्यांच्या भरवशावर आवाजाच्या लहानमोठेपणाचा निवाडा करू जाणाऱ्याच्या पदरी गोंधळच पडावा. म्हणूनच जुना व्हीयू मीटर, म्हणजे आवाजाची पातळी काट्याने दाखवणारा मापक, मिळवून तो संगणकाला जोडण्याची हौस अनेकांना होते. ती हौस रास्त आहे. मात्र ती पुरवण्याची बहुतेकांची रीत चुकीची असते.

या मीटरमागे रीतसर करार आहे. अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळा आणि सीबीएस व एनबीसी या प्रक्षेपण-कंपन्या यांच्यात कार्यक्रमांची देवघेव तारांवरून होत असे, पण प्रत्येकाचे आवाज मोजण्याचे साधन निराळे असल्यामुळे एकाच्या दप्तरी जो आवाज ‘पुरेसा’, तोच दुसऱ्याच्या दप्तरी ‘अपुरा’ ठरे. तेव्हा तिघांनी मिळून १९३९ मध्ये एकच माप मुकरर केले आणि १९४२ मध्ये त्याला अमेरिकी मानकाची मान्यता मिळाली. आमच्या जिल्ह्याला त्या सालाची आठवण अर्थातच निराळ्या कारणाने आहे. त्या वर्षीच्या जुलैत वर्ध्यास काँग्रेस कार्यकारिणीने ब्रिटिश सत्ता संपुष्टात यावी असा ठराव केला, आणि त्या काळी काँग्रेसच्या मोठमोठ्या सभांना भोंगे पुरवीत ते मोटवाने यांची ‘शिकागो रेडिओ’ ही पेढी. सभेच्या भोंग्याची कसोटी एकच: आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे. स्टुडिओतल्या काट्याची कसोटी याहून नाजूक.

व्हीयू मीटरची तबकडी फिकट पिवळी, काटा काळा, आकडे उणे २० पासून अधिक ३ पर्यंत. शून्य अगदी टोकाला नाही, काट्याच्या पूर्ण फेरीच्या सुमारे ७१ टक्क्यांवर आहे, आणि तेथून पुढची कमान तांबडी. ६०० ओहमच्या तारेवर १.२२८ व्होल्टचा स्थिर सूर आला की काटा शून्यावर उभा राहावा, असा ठराव. मात्र या मानकाचा खरा प्राण आहे तो काट्याच्या चालीत: सूर अकस्मात सुरू झाला तरी काट्याने आपल्या जागेच्या ९९ टक्क्यांपर्यंत पोहोचण्यास ३०० मिलिसेकंद घ्यावे, आणि जागा ओलांडून पुढे जायचे झाल्यास एक ते दीड टक्क्याहून अधिक जाऊ नये. हा संथपणा मुद्दाम केलेली तजवीज आहे. कापसाचे गाठोडे काट्यावर टाकताक्षणी जो झटका बसतो त्याला वजन न मानता, काटा स्थिरावल्यावरच शहाणा मापारी आकडा लिहितो. मनुष्याचा कानही आवाजाच्या क्षणिक टोकांना नव्हे, तर त्यांच्या काही काळच्या सरासरीला ‘मोठेपणा’ म्हणतो. तबल्याची थाप आणि सनईचा दीर्घ सूर यांची टोके सारखीच असली तरी व्हीयू मीटर थापेला कमी आणि सुराला अधिक मान देतो, आणि तो न्याय कानाच्या न्यायाशी बऱ्याच अंशी जुळतो.

आता जोडणीकडे. हेडफोनच्या जॅकमध्ये ३.५ मिलिमीटरची पिन खोचायची आणि तिच्या दोन तारा थेट मीटरला सोल्डर करायच्या, ही हौशी माणसाची पहिली बुद्धी. मीटरच्या पोटात रेक्टिफायर, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने वळवणारा भाग, नसेल, आणि बाजारात सुटे मिळणारे पुष्कळसे मीटर असेच असतात, तर दिशा बदलणाऱ्या प्रवाहाने काटा शून्यापाशी जेमतेम थरथरतो, चढत नाही. मग कोणी साधा सिलिकॉन डायोड घालतो; पण तो सुमारे ०.६ व्होल्ट आपल्यासाठी राखून ठेवतो, म्हणजे हळू आवाजाची दाद मीटरपर्यंत पोहोचतच नाही. जर्मेनियमचा डायोड तुलनेने उदार, तरी पुरता निःस्पृह नव्हे. अस्सल मीटर हाती असला, तरी बहुतेक संगणकांचा जॅक संपूर्ण आवाजालाही सुमारे १ व्होल्टच देतो, आणि नेहमीचे संगीत त्याच्या पुष्कळ खाली राहते; काटा उणे २० च्या आसपास पेंगत पडतो आणि मालक मीटरला दोष देतो.

येथे मध्यस्थ हवा. टीएल०७२ सारख्या स्वस्त ऑप-ॲम्पवर, म्हणजे संकेत वाढवणाऱ्या चिपवर, बांधलेली लहानशी परिपथ-पट्टी संकेताला सुमारे दहापट करते, आणि डायोड त्याच ऑप-ॲम्पच्या प्रतिपोषणाच्या वळशात ठेवल्यामुळे डायोडची ०.६ व्होल्टची खंडणी जवळजवळ माफ होते. संगणकावर या मंडळाचा भार पडत नाही, म्हणून हेडफोन किंवा स्पीकरचा आवाजही बिघडत नाही. डाव्या-उजव्या वाहिन्या तारेने थेट एकत्र बांधू नयेत. एकच मीटर असेल तर दोहोंत वेगवेगळे रोधक घालून मगच त्या मिसळाव्या. पट्टीला वीज यूएसबीतून घेण्याचा मोह आवरावा, कारण त्याच वाटेने संगणकाची घरघरही पट्टीत शिरते.

राहिला मेळ. संगणकात शून्य म्हणजे अंतिम सीमा, तिच्यापुढे आवाज फाटतो. व्हीयूचे शून्य मात्र मध्यम, सुखाच्या आवाजाचे. त्यामुळे संगणकातून १००० हर्ट्झचा सूर उणे १८ डेसिबेलवर वाजवून, काटा शून्यावर येईपर्यंत परिपथ-पट्टीवरचा प्रीसेट, म्हणजे पातळी जुळवण्याचा स्क्रू, फिरवावा. काहीजण उणे २० धरतात, तेही चालेल. यानंतर संगणकाचा व्हॉल्यूम हलवू नये, नाहीतर सारी तजवीज वाया. आणि आवाज फाटतो की नाही हे काट्याला विचारू नये: तेवढ्यापुरती पडद्यावरची चपळ पट्टीच खरी साक्षीदार आहे.