वैनगंगेच्या डोंग्याला उलांडी

गोसीखुर्दच्या भिंतीमागे वैनगंगा आता नदीसारखी वागत नाही. पवनी तालुक्यातल्या या धरणाचं भूमिपूजन 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हस्ते झालं. आज त्याचा फुगवटा भंडारा शहरापर्यंत येतो. पाणी पसरलं, खोल झालं. उघड्या पाण्यावरून वारा जितका लांबून वाहत येतो, तितकी लाट मोठी होते. मासेमारी करणाऱ्या ढिवरांचा अरुंद डोंगा मात्र उथळ पाण्यात बांबू रेटत न्यायचा. बांबू तळाला टेकेनासा झाला की सारी भिस्त वल्ह्यावर. म्हणून हा डोंगा घरच्या घरी कसा सुधारता येईल, हा प्रश्न मला शर्यतीच्या नौकांपेक्षा मोलाचा वाटतो.

सुरुवात बुडापासून करावी. विल्यम फ्राऊड या इंग्रज अभियंत्याने 1870च्या दशकात टॉर्की इथे हौद बांधला आणि त्यात नावांच्या प्रतिकृती ओढून पाण्याचा विरोध मोजला. त्याचे मुख्य भाग दोन: बुडाशी होणारं घर्षण आणि नाव स्वतः उठवते त्या लाटा. चार मीटर लांबीच्या नावेला लाटांचा विरोध फार वाढतो तो ताशी नऊ किलोमीटरच्या आसपास. वल्ह्यावरचा डोंगा तिथवर पोचतच नाही. त्याची ताकद खातं ते मुख्यतः घर्षण. शेवाळ खरवडणं, फळ्यांचे उंचसखल सांधे घासून डांबराने गुळगुळीत करणं, यात खर्च थोडा आणि लाभ रोजचा.

डांबराचं दुसरं काम याहून मोठं. तीन मीटर लांब आणि साठ सेंटिमीटर रुंद बुडात दहा सेंटिमीटर पाणी साचलं, तर ते भरतं 180 किलो. डोंगा कलला की हे वजन कललेल्या बाजूलाच धावतं आणि त्याला आणखी कलवतं. गळता डोंगा संथ असतो, त्याहून जास्त धोक्याचा असतो.

कलण्यावरचा उपाय कोकणात पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. तिथल्या होडीला आडव्या दांड्यांवर, होडीपासून दूर, एक ओंडका बांधतात, तीच उलांडी. होडी ओंडक्याच्या बाजूला कलली तर तो पाण्यात दबतो आणि वर रेटतो. उलट बाजूला कलली तर त्याचं वजन तिला मागे खेचतं. हलका प्लास्टिकचा कॅन लावायचा तर दोन्ही बाजूंना लावावा, कारण रिकाम्या कॅनला खाली खेचण्यापुरतं वजनच नसतं. दीड मीटरवरचा वीस लिटरचा घट्ट बुचाचा कॅन पूर्ण दबला, तर साठ किलोचा माणूस अर्धा मीटर बाजूला सरकल्याने येणारा कल जवळजवळ पेलतो. दांडे आणि बांधणी तेवढी भक्कम हवी. जाळं ओढताना माणूस काठावर झुकतो, तेव्हा हाच हिशेब जीव वाचवू शकतो. लाइफ जॅकेट तरीही हवंच.

शीड मी सर्वांत शेवटी लावेन. ताडपत्रीचं छोटं शीड मागून येणाऱ्या वाऱ्यावर डोंगा सहज नेईल. वारा आडवा असेल, तर बाजूला पाण्यात खोल उतरणारी फळी लागते, नाहीतर डोंगा नुसता घसरतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. उन्हाळ्यातल्या वावटळीत ही वाढ काही क्षणांत होते. म्हणून शिडाचा दोर डोंग्याला बांधू नये. हातात धरावा आणि झोत आला की सोडून द्यावा.