भात लावणीच्या नियोजनात तारखेची नोंद

मृग नक्षत्र साधारणतः ७ किंवा ८ जून रोजी लागते आणि त्याच सुमारास अंबरनाथ तालुक्यातील भातशेतीच्या कामांना वेग येतो. कोणी धूळवाफेवर बी पेरून मोकळा होतो, तर कोणी पहिला चांगला पाऊस पडल्यावर राबात पेरतो. गावपातळीवरील कार्यकर्ता प्रत्येक खातेदाराची पेरणीची तारीख वहीत टिपतो आणि संध्याकाळी ती संगणकावरील तक्त्यात भरतो. रोपे केव्हा उपटावयाची, लावणीस मजूर केव्हा लागतील, खताचा दुसरा हप्ता केव्हा द्यावयाचा, कापणी केव्हा होईल, हे सर्व तक्ता त्या एकाच तारखेवरून काढून देतो. सोय मोठी आहे. परंतु ती एक तारीख चुकीची वाचली गेली तर पुढील प्रत्येक दिनांक चुकतो, आणि हिशेब मात्र बिनचूक केलेला दिसतो.

ही चूक बहुधा टंकन करणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे होत नाही. आपल्याकडे ५/६/२०२५ असे लिहिले म्हणजे ५ जून समजतात. आधी दिवस, मग महिना. अमेरिकेत आधी महिना आणि मग दिवस लिहिण्याची रीत आहे, त्यामुळे तेथे हीच अक्षरे ‘महिना पाचवा, दिवस सहावा’ अशी वाचली जातात, म्हणजे परिणामी ६ मे ठरतात. पुष्कळ संगणक विकत घेतल्यापासून अमेरिकन मांडणीवरच राहिलेले असतात. कार्यकर्त्याने ५ जून भरला, संगणकाने ६ मे घेतला, आणि पडद्यावर ५/६/२०२५ हीच अक्षरे दिसत राहिली. दोघांचेही समाधान झाले!

या फरकाने शेतात काय होते ते पाहावे. समजा, एका शेतकऱ्याने ११५ ते १२० दिवसांत तयार होणाऱ्या हळव्या वाणाची पेरणी ५ जून २०२५ रोजी केली. रोपे २१ ते २५ दिवसांची झाल्यावर लावणी करावयाची म्हणजे ती २६ ते ३० जून या दिवसांत येते, आणि कापणी २८ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबरच्या सुमारास. संगणकाने ६ मे धरला तर लावणी २७ ते ३१ मे या काळात दाखविली जाईल आणि कापणीची सूचना २९ ऑगस्टपासून निघेल, जेव्हा पिकाचा दाणाही भरलेला नसेल. कापणीची ही सूचना कोणी मानणार नाही, हे खरे. परंतु खताची मागणी आणि मजुरांची जुळवाजुळव यांचे तसे नाही. अंबरनाथ व बदलापूरच्या कारखान्यांत घरटी एखाददुसरा माणूस कामास जातो, त्यामुळे लावणीचे मजूर आधी सांगून ठेवावे लागतात. चुकीच्या आठवड्यात सांगितलेले मजूर दुसऱ्याच्या शेतावर जातात, रोपे राबात वाढत राहतात, आणि जून झालेल्या रोपांना फुटवे कमी येतात.

चूक सर्व तारखांना सारखी लागू होत नाही, हे तिचे विशेष. वर्षात बारा महिने आहेत, म्हणून ज्या तारखेचा दिवस १ ते १२ यांपैकी असतो तीच दोन्ही रीतींनी वाचता येते. अशा तारखा वर्षाकाठी १४४ होतात. त्यांपैकी १ जानेवारी, २ फेब्रुवारी, ३ मार्च अशा बारा तारखा उलट्या वाचल्या तरी त्याच राहतात. उरलेल्या १३२ मात्र धोक्याच्या आहेत. भातपट्ट्यातील शेतकऱ्याचे दुर्दैव असे की त्याच्या राबाच्या पेरणीचे ऐन दिवस जूनच्या याच पहिल्या बारा दिवसांत येतात.

एका गावाची यादी अमेरिकन मांडणीच्या संगणकावर भरली असता काय होते? ३ जूनची पेरणी ६ मार्चला जाते आणि ५ जूनची ६ मे रोजी. ६ जूनची पेरणी जागच्या जागी राहते. ८ जूनची ६ ऑगस्टला, १० जूनची ६ ऑक्टोबरला आणि १२ जूनची ६ डिसेंबरला पोहोचते. १३ जूनपासून पुढे मात्र तेरावा महिना नसल्यामुळे संगणक ती तारीख मानतच नाही. तो नुसता मजकूर म्हणून ठेवून देतो आणि तिच्यावरून पुढचा हिशेब निघत नाही. एक्सेलच्या तक्त्यात यावरून चूक ओळखण्याची एक सोपी खूण मिळते. खरी तारीख रकान्याच्या उजव्या कडेला चिकटते व मजकूर डाव्या कडेला. एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे दिसल्या तर डावीकडच्यांपेक्षा उजवीकडच्यांचीच अधिक शंका घ्यावी.

डिसेंबरातील पेरणी कोणाच्याही डोळ्यांत भरते. मे महिन्यातील भरेलच असे नाही. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. अशा वर्षी यादीत मे महिन्याच्या पेरण्या दिसल्या तर पाहणाऱ्यास त्या पावसाच्या घाईमुळे झाल्या असेच वाटेल.

उपाय दोन ठिकाणी करावयाचा आहे. वहीत महिना अंकात न लिहिता अक्षरांत लिहावा व वर्ष चारही आकड्यांत लिहावे : ५ जून २०२५. संगणकावर मात्र मराठी अक्षरांतील महिना पुष्कळदा तारीख म्हणून ओळखला जात नाही. तेथे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम ठेवावा : २०२५-०६-०५. हा क्रम १९८८ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झाला असून दोन्ही मांडण्यांचे संगणक तो एकाच अर्थाने घेतात. पुष्कळ माणसे एकाच तक्त्यात नोंदी करणार असतील तर दिवस, महिना व वर्ष यांचे तीन स्वतंत्र रकाने ठेवणे सर्वांत निर्धोक होय. संगणकाच्या प्रदेशविषयक मांडणीत ‘इंग्लिश (इंडिया)’ निवडून ठेवावे. गुगल शीट्समध्ये ही सोय ‘फाइल’ मधील ‘सेटिंग्ज’ येथे ‘लोकेल’ या नावाने असते. तथापि केवळ मांडणीवर विसंबू नये, कारण तीच यादी उद्या दुसऱ्या कार्यालयातील संगणकावर उघडली जाते.

याखेरीज शेतकऱ्यास वार विचारून घ्यावा. ५ जून २०२५ रोजी गुरुवार होता व ६ मे रोजी मंगळवार. तक्त्यात तारखेशेजारी वार दाखविता येतो. तो वहीतील वाराशी जुळला नाही की चूक तेथेच सापडते. तारीख विसरलेला शेतकरीही ‘मृग निघाल्यावर तिसऱ्या दिवशी’ असे नेमके सांगतो, आणि तेही टिपून ठेवावे. एकाच दिवसाची दोन प्रकारे केलेली नोंद कशी उपयोगी पडते याचे जुने उदाहरण अंबरनाथलाच आहे. तेथील शिवमंदिराच्या शिलालेखातील शकाचा आकडा आरंभी ७८२ असा वाचला गेला होता. पुढे तो ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा निश्चित झाला. एका अंकाने दोनशे वर्षांचे अंतर पडले. महिना मात्र श्रावण असा नावानेच कोरलेला आहे.

महिन्याचे नाव लिहिले तरी पंचांग कोणते हे स्पष्ट असावे. राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून, सरकारी वापरात आली. तिच्यातील आषाढ आणि घरच्या पंचांगातील आषाढ एक नव्हेत. २०२५ ची आषाढी एकादशी ६ जुलै रोजी आली. राष्ट्रीय दिनदर्शिकेप्रमाणे तो १५ आषाढ होता. नियोजनाच्या तक्त्यात इंग्रजी महिनाच ठेवावा, तिथी हवी तर शेऱ्याच्या रकान्यात लिहावी.

तारीख नसलेल्या आकड्यांनाही संगणक तारीख बनवितो, हे येथे सांगणे अवश्य आहे. कोकणात जमिनीचे हिस्से लहान, त्यामुळे सर्व्हे नंबर ८ चा हिस्सा ३ हा ८/३ असा लिहितात. तक्त्यात तो टंकला की ८ मार्च होतो, आणि अमेरिकन मांडणीत ३ ऑगस्ट. सातबारा म्हणून ७/१२ लिहिले तर त्याचीही तीच गत. आकडे भरण्यापूर्वी तो रकाना ‘टेक्स्ट’ प्रकारचा करावा. नंतर करून उपयोग नाही, कारण तोवर मूळ आकडा नाहीसा झालेला असतो.

बिघडलेल्या यादीबाबतही अशीच सावधगिरी हवी. रकान्याची मांडणी बदलली म्हणजे तारीख दुरुस्त झाली असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात एक्सेल प्रत्येक तारीख १ जानेवारी १९०० पासूनच्या दिवसांच्या संख्येने साठवितो : ६ मे २०२५ म्हणजे ४५७८३ आणि ५ जून म्हणजे ४५८१३. मांडणी बदलल्याने दिसणे बदलते, आतील संख्या तीच राहते. संपूर्ण यादी एकाच संगणकावर भरलेली असेल तर उजवीकडील तारखांचे दिवस व महिने परस्पर बदलून नवा रकाना करावा, आणि डावीकडील मजकुरास ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ मध्ये ‘डीएमवाय’ हा क्रम देऊन तारीख बनवावी. यादी दोन वेगळ्या मांडण्यांच्या संगणकांवर भरली गेली असेल तर कोणती तारीख उलटली व कोणती नाही हे तक्त्यावरून कळण्यास मार्ग नाही. तेव्हा वही समोर ठेवून एकेक नोंद पुन्हा भरावी लागते. यासाठी पेरणीची वही निदान कापणी होईपर्यंत जपून ठेवावी.