तबकडीतला आवाज संगणकात उतरवताना

शाळेच्या कपाटात जुन्या एलपी तबकड्या पडून असतील. त्यांतला आवाज संगणकात साठवायचा, तर आधी खाच समजून घेऊ. ती मूळ ध्वनिलहरीची हुबेहूब नक्कल नसते. खर्जाचे स्वर तसेच्या तसे कोरले, तर खाच एवढे रुंद हेलकावे घेईल की शेजारच्या खाचेत घुसेल. म्हणून १००० हर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झचा आवाज कोरतानाच सुमारे एक दशांश करतात. २०,००० हर्ट्झचा जवळजवळ दसपट. वाजवताना हेच उलट करायचे, की वरच्या पट्टीतली खरखरही आपोआप दबते. १९५४ पासून रूढ झालेले हे प्रमाण फोनो प्रीॲम्प्लिफायर पाळतो. तो न वापरता सुईची तार थेट संगणकाला जोडली, तर डग्गा हरवतो आणि झांजा कानात घुसतात.

आता बिटांचे पाहू. १६ बिटांत ६५,५३६ पायऱ्या मिळतात. तबकडीला तेवढ्या पुरेत! मग २४ बिट कशाला? पातळी खाली ठेवून मुद्रण करता यावे म्हणून. ओरखड्याचा ठोका गाण्याहून मोठा असू शकतो, आणि मर्यादा ओलांडली की लहरीचा माथा सपाट कापला जातो. तो परत मिळत नाही. सेकंदाला ९६,००० नमुने घेतले, तर मिनिटाला सुमारे ३५ मेगाबाइट जागा लागते. आज ती फार नाही.

धूळ मात्र आधीच पुसा. खरखर काढण्याचे प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करा. तंबोऱ्याची जवारी कुठली आणि खरखर कुठली, हे संगणकाला नेहमी कळतेच असे नाही.