कारणाच्या रकान्यातील एक ओळ

गेल्या महिन्यात माझ्या पुतण्याबरोबर मी रायपुरातील एका शस्त्रविक्रेत्याच्या दुकानात गेलो होतो. सेवेत असताना शस्त्र परवान्यांच्या शेकडो फायली माझ्या टेबलावरून गेल्या. परंतु ज्या वस्तूसाठी त्या फायली चालतात ती वस्तू जेथे विकली जाते, तेथे ग्राहकाच्या बाजूने मी प्रथमच उभा राहत होतो.

पुतण्याचा सिलतरा औद्योगिक वसाहतीत लहानसा कारखाना आहे. दोन वर्षांपूर्वी रात्री घरी परतताना चौघांनी त्याची गाडी अडवली आणि कामगारांच्या पगाराची रक्कम नेली. त्यानंतर त्याने परवान्यासाठी अर्ज केला. शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षण, पोलिसांची चौकशी आणि अनेक हेलपाटे झाल्यावर अकरा महिन्यांनी परवाना हाती आला. आता वस्तू निवडायची होती.

विक्रेत्याने निळ्या मखमलीवर दोन रिव्हॉल्व्हर ठेवली. एक काळसर, नेहमीच्या पोलादाचे. दुसरे चकाकणारे, स्टेनलेस स्टीलचे. दोन्ही ०.३२ बोअरची, सहा गोळ्यांची. पुतण्याचा हात सरळ दुसऱ्याकडे गेला. विक्रेत्याचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. रिव्हॉल्व्हर अंगालगत वागवले जाते, आपल्याकडे पावसाळा चार महिन्यांचा, आणि घामाने साधे पोलाद लवकर गंजते. याच अडचणीवर उपाय म्हणून अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन कंपनीने १९६५ मध्ये संपूर्ण स्टेनलेस स्टीलचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले होते. तरीही, ‘हे कमी गंजते, गंजतच नाही असे नाही, तेलपाणी चुकवू नका,’ असे विक्रेत्याने प्रामाणिकपणे बजावले.

मग जोडसाहित्य निघाले. चामड्याचे आणि नायलॉनचे होल्स्टर, लाकडी आणि रबरी मूठ, सहा गोळ्या एकदम भरण्याचे चक्राकार साधन, नळी साफ करण्याची सळई, ब्रश, तेलाची बाटली आणि भिंतीत बसवायची लोखंडी पेटी. पुतणे बराच वेळ लाकडी मुठीवरील नक्षी पाहत राहिले. मी मात्र पेटीचे कुलूप तपासत होतो. आमच्या दोघांच्या पिढीतला आणि पेशातला फरक एवढ्यावरून ध्यानात यावा.

या जोडसाहित्याकडे कायदा कसा पाहतो, हेही समजून घेण्यासारखे आहे. मूठ कशाची असावी, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. होल्स्टर मात्र शोभेची बाब नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्व्हर नेताना ते होल्स्टरमध्ये किंवा तशाच आवरणात, अंगाशी आणि स्वतःच्या ताब्यात असले पाहिजे; ते मिरवता येत नाही. आवाज किंवा ज्वाला कमी करणारे साधन तर १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येनुसार स्वतःच ‘अग्निशस्त्र’ ठरते. थोडक्यात, शस्त्र दिसू नये हा कायद्याचा आग्रह आहे, आणि आपला समाज बहुधा ते दिसावे म्हणूनच घेतो. लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडण्याच्या प्रकारांसाठी २०१९ च्या दुरुस्तीत दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची वेगळी तरतूद करावी लागली, ती यामुळेच.

येथे थोडे इतिहासात जावे लागेल. रायपुरात उभे राहून शस्त्रांविषयी बोलताना १८५७ टाळता येत नाही. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाल्यावर छत्तीसगड कंपनीच्या ताब्यात आले. सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांना १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात मृत्युदंड दिला गेला. पुढच्याच महिन्यात, १८ जानेवारी १८५८ च्या रात्री, येथील पलटणीतील हनुमानसिंह याने सार्जंट मेजर सिडवेल याला ठार केले. हनुमानसिंह निसटला; त्याच्या १७ साथीदारांना २२ जानेवारीस फाशी देण्यात आली. प्रजेच्या हातातील शस्त्रावर नियंत्रण ठेवण्याचे कायदे याच काळात आले आणि १८७८ मध्ये, लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, त्यांना पक्के रूप मिळाले. त्या कायद्यातील जाचक भाग केवळ परवान्याचा नव्हता. युरोपीयांना त्यातून सूट होती आणि भारतीयाला विनंती करावी लागत होती. परवाना म्हणजे राजनिष्ठेचे प्रमाणपत्र बनले.

म्हणूनच १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून, शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट केला होता. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत त्याची आठवण करून दिली हरी विष्णू कामत यांनी. आयसीएसचा राजीनामा देऊन राजकारणात आलेले कामत मध्य प्रांत व वऱ्हाडाचे प्रतिनिधी होते. नागपूर राजधानी असलेल्या त्याच प्रांतात तेव्हा रायपूरही होते. शस्त्र बाळगण्याचा हक्क संविधानात असावा, अशी दुरुस्ती त्यांनी मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. परकीय सत्तेपुढे केलेली मागणी समजण्यासारखी होती. पण असा सरसकट हक्क दिला तर चोर आणि सराईत गुन्हेगारही त्यावर दावा सांगतील, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. दुरुस्ती फेटाळली गेली.

मला हा निर्णय योग्य वाटतो. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कचा एक जुना कायदा रद्द केला. घराबाहेर लपवून शस्त्र नेण्यासाठी नागरिकाने विशेष कारण दाखवले पाहिजे, अशी त्या कायद्याची अट होती. जेथे शस्त्र हा हक्क आहे तेथे कारण विचारणेच घटनाबाह्य ठरते. आपण तो मार्ग घेतला नाही. आपल्याकडे सारी व्यवस्था कारणावर उभी आहे. परंतु नागरिकाकडून कारण मागणाऱ्या राज्याने स्वतःही कारण दिले पाहिजे, हा या कराराचा दुसरा अर्धा भाग आहे, आणि तो आपण विसरलो.

१९५९ चा अधिनियम या बाबतीत चांगला आहे. परवाना नाकारताना कारणे लेखी नोंदवावीत आणि अर्जदाराने मागितल्यास, लोकहिताला बाधा येत नसेल तर, ती त्याला थोडक्यात कळवावीत, असे कलम १४ सांगते. त्याच कलमात आणखी एक वाक्य आहे: पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून कोणालाही परवाना नाकारता येणार नाही. १८७८ च्या सावलीतून बाहेर पडलेल्या प्रजासत्ताकाने लिहिलेले हे वाक्य आहे. माझ्या सेवाकाळात ते कोणी मोठ्याने वाचल्याचे मला आठवत नाही. मीही वाचले नाही.

याची एक किंमत मी पाहिली आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस, छत्तीसगड अजून मध्य प्रदेशात असताना, एका जिल्ह्यात परवान्यांचे काम माझ्याकडे होते. शहरापासून काही कोसांवर एकटी राहणाऱ्या एका विधवा शेतकरी बाईंनी एकनळी बंदुकीसाठी अर्ज केला होता. दिरांशी जमिनीचा वाद होता. गोठा एकदा जाळला गेला होता. पोलिसांचा शेरा असा होता: ‘धोका आढळून येत नाही. आर्थिक स्थिती सामान्य.’ मी खाली लिहिले, ‘कारण पुरेसे नाही,’ आणि सही केली. त्याच आठवड्यात एका कंत्राटदाराच्या अर्जावर ‘प्रतिष्ठित नागरिक’ असा शेरा होता. त्याला रिव्हॉल्व्हरचा परवाना मी दिला. धोका कोणता, हे त्या फायलीत कोठेही नव्हते.

बाई नंतर कचेरीत आल्या होत्या. दिवसभर बाकावर बसल्या. साहेबांनी नाही म्हटले आहे, एवढेच लिपिकाने त्यांना सांगितले. अपील करता येते, हे त्यांना कोणी सांगितले नाही. आणि कारण ठाऊक नसताना अपील तरी कशाविरुद्ध करणार? संध्याकाळी मी जीपमध्ये बसताना त्या मला दिसल्या. मी थांबलो नाही.

त्यांना बंदूक द्यायला हवी होती, असे मी आजही ठामपणे म्हणणार नाही. घरातील बंदूक कित्येकदा घरच्यांवरच चालते. पण नकार देताना मी ठाणेदाराला त्या गावात फेरी मारायला सांगू शकलो असतो. तहसीलदाराला शेताची मोजणी करून द्यायला सांगू शकलो असतो. मी त्यांना बंदूक दिली नाही, संरक्षण दिले नाही आणि कारणही दिले नाही. माझ्या तीन शब्दांच्या शेऱ्याने राज्याची तिन्ही कर्तव्ये एकदम निकाली निघाली होती.

हा एका अधिकाऱ्याचा दोष म्हणून सोडून देता आला असता. पण आकडे तसे सांगत नाहीत. गृह मंत्रालयाच्या माहितीनुसार २०१६ च्या अखेरीस देशात सुमारे ३३ लाख ६९ हजार शस्त्र परवाने होते आणि त्यांपैकी १२ लाख ७७ हजारांहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशात. धोक्याची वाटणी देशात अशी असेल, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. प्रतिष्ठेच्या कल्पनांची वाटणी मात्र अशी असू शकते. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात २ लाख ७८ हजारांहून अधिक परवाने अपात्र व्यक्तींना दिले गेल्याचा सीबीआयचा आरोप आहे. कारणाच्या रकान्याची किंमत शून्य झाली, की परवान्याची किंमत ठरू लागते.

बाजारानेही हे ओळखले आहे. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या आयुध निर्माणीने दिल्लीतील सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर ‘निर्भीक’ नावाचे, स्त्रियांसाठी म्हणून, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर आणले. ते दागिन्यांच्या पेटीसारख्या खोक्यात मिळत असे आणि त्याची किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये होती. रात्रीच्या बसने घरी जाणाऱ्या मुलीसाठी हे उत्तर नव्हते, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. एकेकाळी गोऱ्या साहेबांच्या कमरेला असणारे वेब्ली अँड स्कॉट हे नावही आता उत्तर प्रदेशातील संडीला येथे तयार होणाऱ्या रिव्हॉल्व्हरवर कोरले जाते.

आणि हे सर्व चालू असताना, याच राज्यात, शस्त्रवाटपाची दुसरी एक रांग होती. तेथे अर्जात कारण लिहावे लागत नव्हते. सलवा जुडूमच्या काळात बस्तरमधील आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी नेमून त्यांच्या हाती बंदुका दिल्या गेल्या. ५ जुलै २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. पाचवीपर्यंत शिकलेली मुले, दोन महिन्यांचे प्रशिक्षण, महिना ३,००० रुपये मानधन. आणि मंजूर संख्या एका वर्षात ३,००० वरून ६,५०० वर गेलेली, हा तपशील त्या निकालात आहे. पुढे राज्याने कायदा करून वेगळे सहायक सशस्त्र दल उभारले. पण माझ्या मनात राहिलेला प्रश्न निराळा आहे. रायपूरच्या कारखानदाराच्या चारित्र्याची अकरा महिने चौकशी करणाऱ्या राज्याला दंतेवाड्याच्या मुलाच्या हाती बंदूक देताना एक ओळही लिहावीशी वाटली नाही, ती का? एकाला शस्त्र मिळाले ते त्याच्या मालमत्तेच्या रक्षणासाठी. दुसऱ्याला मिळाले ते राज्याच्या वतीने मरण्यासाठी.

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी जगदलपुरात २१० माओवाद्यांनी १५३ शस्त्रांसह आत्मसमर्पण केले. बस्तरमधून शस्त्रे परत येत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. शस्त्र खाली ठेवणाऱ्याला राज्य आपले रक्षण करील, असा विश्वास लागतो. शस्त्र विकत घेणाऱ्याच्या मनात तोच विश्वास उणा असतो. त्यामुळे परवान्याचा प्रश्न हा ठाण्याच्या, रस्त्यावरील दिव्याच्या आणि जमिनीच्या मोजणीच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही.

नवा कायदा करण्याची गरज मला वाटत नाही. तीन साध्या गोष्टी पुरे आहेत. पहिली, पोलिसांच्या अहवालात अर्जदाराच्या प्रतिष्ठेऐवजी त्याने सांगितलेल्या धोक्याचीच पडताळणी असावी. दुसरी, नकाराचे कारण आणि अपिलाचा पत्ता अर्जदाराला न मागता, त्याच्या भाषेत, लेखी मिळावा. आणि धोका खरा असूनही परवाना नाकारला असेल, तर संरक्षणासाठी काय केले तेही त्यात असावे. तिसरी, प्रत्येक जिल्ह्याने दर तीन महिन्यांनी आकडे जाहीर करावेत: अर्ज किती, मंजूर किती, नामंजूर किती, दिवस किती लागले, शहरी किती, ग्रामीण किती. नावे नकोत, ती उघड करणे धोक्याचे आहे. परवानाधारकांची राष्ट्रीय नोंद संगणकावर आहेच, त्यामुळे याला फारसा खर्चही नाही.

पुतण्याने अखेर चकाकणारे रिव्हॉल्व्हर घेतले. लाकडी मूठ घेतली नाही. त्या पैशांत लोखंडी पेटी आली, याचे श्रेय मी घेतो. परवान्यावर नोंद झाली, शिक्के बसले, मोजून काडतुसे मिळाली. गाडीत बसल्यावर त्याने विचारले, “काका, फाईल तुमच्याकडे आली असती तर तुम्ही मला परवाना दिला असता?”

मी त्याच्याकडे अर्जाची प्रत मागितली. कारणाच्या रकान्यात एकच ओळ होती: ‘व्यवसायानिमित्त रोख रक्कम बाळगावी लागते.’ चौघांनी गाडी अडवल्याचा त्यात उल्लेख नव्हता. पोलिसांच्या शेऱ्याविषयी विचारले, तेव्हा तो जरा संकोचून म्हणाला, “प्रतिष्ठित नागरिक, असं लिहिलंय म्हणे.”

“दिला असता,” मी म्हणालो, “आणि चूक केली असती. तुझं खरं कारण या कागदावर कुठंच नाही.”