कोणत्या भाजीत काय?

(आकडे अंदाजे, १०० ग्रॅम कच्च्या भाजीमागे)

पालक : लोह ३ मिलिग्रॅम, फोलेट भरपूर. मात्र ऑक्झलेटमुळे यातलं कॅल्शियम फारसं अंगी लागत नाही. मुतखड्याचा त्रास असेल तर बेतानं खावा.

शेवग्याचा पाला : कॅल्शियम ३०० मिलिग्रॅमच्या वर, पालकापेक्षा कितीतरी जास्त. प्रथिनंही चांगली.

कोबी : क जीवनसत्त्व ३५ मिलिग्रॅमच्या आसपास. चिरून पाण्यात ठेवला की ते पाण्यात उतरतं. म्हणून आधी धुवा, मग चिरा.

गाजर : बीटा कॅरोटिनपासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं. हे कॅरोटिन शोषलं जायला स्निग्धांश लागतो. कोशिंबिरीला तेलाची फोडणी द्याच.

लक्षात ठेवा : पालेभाजीवर लिंबू पिळल्यास लोह अधिक शोषलं जातं, जेवणावर लगेच घेतलेला चहा त्यात आडवा येतो.