सत्तरीतलं मध्ययुग

जयगडच्या किल्ल्यात बुरुजावर उभं राहिलं की एका अंगाला शास्त्री नदीची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र. पायाखाली जांभ्याचा चिरा. विजापूरकरांचा हा किल्ला पुढे आंग्र्यांकडे आला, १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला आणि हळूहळू ओस पडला. आतला वाडा ढासळला, तट मात्र जागच्या जागी आहे. आपल्याकडे जुनं म्हणजे असं. पडकं, झुडपं माजलेलं, पण अस्सल.

पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, नेमका उलटा प्रकार. तिथल्या जुन्या गावठाणातला चौक बघावा: फरसबंदी अंगण, चहूबाजूंनी खेटून उभी रंगीत उंच घरं, सारं मध्ययुगातलं. पण चौक खुला झाला २२ जुलै १९५३ ला! जयगडचा चिरा त्याहून काही शतकं वडीलधारा.

झालं असं. १ ऑगस्ट १९४४ ला वॉर्साकरांनी जर्मनांविरुद्ध उठाव केला. ६३ दिवस लढले आणि हरले. मग जर्मनांनी उरलेल्या माणसांना शहराबाहेर हाकललं आणि रिकामं शहर पद्धतशीरपणे, घरामागून घर, पेटवलं, सुरुंगांनी उडवलं. लढाईत शहर पडतं हे समजू शकतं. लढाई संपल्यावर ठरवून पाडलेलं शहर विरळाच. युद्धाआधी तेरा लाख वस्तीच्या या गावाचा सुमारे ८५ टक्के भाग जमीनदोस्त झाला.

राजधानी दुसरीकडे हलवावी, असाही विचार निघाला होता. पण फेब्रुवारी १९४५ मध्येच पुनर्बांधणीची कचेरी उघडली. आता प्रश्न असा, की जे उरलंच नाही ते हुबेहूब उभारायचं कशावरून?

उत्तर कागदांत होतं. युद्धाआधी वॉर्साच्या तंत्रविद्यापीठातल्या वास्तुविद्येच्या विद्यार्थ्यांनी जुन्या इमारतींची मापं घेऊन नकाशे काढले होते. जर्मन अंमलातही हे काम चोरून चालू राहिलं. उठावानंतर ते कागद शहराबाहेर काढून पिओत्रकूव गावच्या एका मठात लपवले गेले. दुसरा आधार बेलोत्तोचा. अठराव्या शतकातल्या या इटालियन दरबारी चित्रकाराने वॉर्साचे रस्ते बारकाईने रंगवले होते. त्याचा हात मात्र अधूनमधून उदार व्हायचा. एखाद्या घराला तो जास्तीची नक्षी बहाल करी. म्हणून काही इमारती आज मुळाहूनही देखण्या आहेत. मला तर हीच गंमत सगळ्यात आवडते.

ढिगाऱ्यातल्या विटा साफ करून पुन्हा वापरल्या. ज्यू वस्तीच्या जागी मात्र राडारोडा इतका, की उपसणं अवघड होतं. तिथे विटांचा चुरा काँक्रीटमध्ये मिसळून ठोकळे पाडले आणि नवी घरं ढिगाऱ्यावरच बांधली. त्या मुरानूव भागात काही इमारतींकडे जायला आजही पायऱ्या चढाव्या लागतात. त्या पायऱ्यांखाली कोण राहत होतं, हे ठाऊक असेल तर पाय जड होतात.

१९८० मध्ये युनेस्कोने हे 'नवं जुनं' गावठाण जागतिक वारशात घेतलं. मान मिळाला तो वयाला नव्हे, पुन्हा उभारण्याच्या कामाला.

वॉर्सा जळत होतं तेव्हा सुमारे पाच हजार पोलिश माणसं, बहुतेक बायका-मुलं, पंचगंगेकाठी वळिवड्याच्या छावणीत राहत होती. सोव्हिएत रशियाने हद्दपार केलेली ही कुटुंबं इराणमार्गे कोल्हापूर संस्थानात पोहोचली होती. १९४३ ते १९४८ या काळात तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. युद्ध संपलं तरी अनेकांना घरी जाता आलं नाही, कारण त्यांची गावंच सोव्हिएत हद्दीत गेली होती. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. शेजारून जाणार असाल तर थांबून बघा. आणि वॉर्सातही, २०१७ पासून, कोल्हापूरच्या नावाचं एक स्मारक उभं आहे.