दुरुस्तीनंतरचे दुखणे

"गॅरेजमध्ये नेण्यापूर्वी गाडी चांगली चालत होती हो!" हे वाक्य जर्सी सिटीतल्या मराठी घरांत मी अनेकदा ऐकले आहे. ऑइल बदलायला गाडी दिली आणि चार दिवसांत इंजिन खडखडू लागले. ब्रेकसाठी दिली आणि परत आली ती 'चेक इंजिन'चा दिवा घेऊन. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! अशा वेळी आपल्यातले काही जण "परक्या देशात कोण भांडत बसणार" म्हणून पुन्हा पैसे मोजतात, तर काही पुरावा हातात नसताना मेकॅनिकला चोर ठरवून मोकळे होतात. दोन्ही प्रकारांत नुकसान आपलेच.

दुरुस्तीनंतर बिघाड झाला म्हणजे तो दुरुस्तीमुळेच झाला असे नाही. जुन्या गाडीचा दुसरा एखादा भाग नेमका त्याच आठवड्यात जाऊ शकतो. मात्र काही बिघाडांवर हाताची खूण स्पष्ट दिसते. ऑइल काढायचा नट सैल राहणे, ऑइल जास्त भरणे, रेडिएटरच्या कामानंतर पाण्याच्या मार्गात हवा अडकणे, टायमिंग बेल्ट एक दात पुढेमागे बसणे, एखादी वायर जोडायची राहणे, हे त्यातले नेहमीचे प्रकार. ते बहुधा लवकरच डोके वर काढतात.

माझ्याच गाडीचे सांगतो. ऑइल आणि फिल्टर बदलून दोन दिवस झाले होते. रूट ४४० वर ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला. मी गाडी कडेला घेऊन इंजिन लगेच बंद केले आणि टो करून ती दुसऱ्या मेकॅनिककडे नेली. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली होती आणि तिच्यावरच नवा फिल्टर बसवला होता. दोन रिंगांच्या फटीतून ऑइल गळत होते. काहीही हलवण्यापूर्वी मी फोटो काढले, आणि त्या मेकॅनिकने बिघाडाचे कारण व मैलांचा आकडा बिलावर लिहून दिला. पहिल्या गॅरेजचे मालक आधी "गाडी जुनी आहे" म्हणाले. दोन्ही बिले, फोटो आणि एक सभ्य पत्र पाठवल्यावर पंधरा दिवसांत त्यांनी टोचे आणि दुरुस्तीचे पैसे दिले. तसाच पाच-दहा मैल पुढे गेलो असतो तर ऑइलविना बेअरिंग जळून इंजिनच गेले असते, आणि नव्या इंजिनाचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त झाला असता.

मोठ्या नावाची दुकाने म्हणजे निर्धास्त, असेही समजू नका. १९९२ मध्ये कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीच्या ग्राहक खात्यांनी सीअर्सच्या ऑटो सेंटरांवर गरज नसलेल्या दुरुस्त्या ग्राहकांच्या गळ्यात मारल्याचा आरोप केला. दुरुस्ती सुचवणाऱ्या नोकरांना विक्रीवर कमिशन मिळत असे. कंपनीला ती पद्धत बंद करावी लागली आणि त्याच वर्षी तडजोडही करावी लागली.

न्यू जर्सीचे नियम ग्राहकाच्या बाजूचे आहेत. पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात:

१. काम सुरू करण्यापूर्वी गॅरेजने तुमची लेखी संमती घ्यायला हवी. तीत गाडीची तक्रार आणि मैलांचा आकडा असावा. खर्चाचा लेखी अंदाज मागून घ्या.

२. काढलेले जुने भाग परत हवे असल्यास काम सुरू होण्यापूर्वीच सांगा.

३. लाल दिवा लागला तर गाडी थांबवा. 'चेक इंजिन'चा दिवा लुकलुकत असेल तरीही पुढे रेटू नका. १९९६ पासूनच्या मॉडेलांमध्ये बिघाडाचे कोड गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये साठतात. ते पुसण्यापूर्वी लिहून घ्या.

४. पहिल्या गॅरेजला चूक सुधारण्याची संधी द्या, पण लेखी. आणि शक्य तर त्याआधी दुसऱ्याचे लेखी मत घ्या.

५. पैसे क्रेडिट कार्डाने द्या. काम सदोष निघाले आणि गॅरेज दाद देत नसेल, तर कार्ड कंपनीकडे बिलाबद्दल तक्रार करता येते.

६. एवढे करूनही दाद लागली नाही, तर राज्याच्या ग्राहक खात्याकडे तक्रार करा. ५,००० डॉलरपर्यंतचा दावा स्मॉल क्लेम्स कोर्टात वकिलाशिवाय लावता येतो. १९६० च्या ग्राहक फसवणूक कायद्याचा भंग आणि त्यामुळे झालेले नुकसान सिद्ध झाले, तर तिप्पट भरपाईची तरतूद आहे.

ओळखीच्या मेकॅनिककडे कागद मागताना आपल्याला संकोच वाटतो. पण लेखी हिशेब चांगल्या मेकॅनिकलाही सोयीचाच असतो, कारण खोट्या आरोपातून तोच त्याला वाचवतो. आज घरी गेल्यावर गाडीची सगळी बिले एका पाकिटात घालून ठेवा. पुढच्या वेळी गाडी गॅरेजमध्ये नेताना ते पाकीट बरोबर असू द्या.